काळ्या काचेतून दिसलेला हात

मी चौथी नापास, पण वाळूजच्या कारखान्यात वेल्डिंग करण्यात जन्म गेला. आता पोरापोरींना तेच शिकवतो. कन्नड तालुक्यातल्या एका पोरीची परीक्षा तोंडावर आली, तरी तिचा जोड कच्चाच. रॉड जळून आखूड होतो, तसा हात खाली न्यावा लागतो. ती नेत नव्हती, अन् सांगितलं की म्हणायची, "नेते की, बाबा."

शेवटी मी मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं वेल्डिंगची काळी काच धरली अन् तिचं काम शूट करून तिलाच दाखवलं.

"हात तर वरच राहतोय," ती म्हणाली. मग हसून, "पण बाबा, वर्गात मोबाईल तुम्हीच बंद केला ना?"

"रील बघायला बंद हाय. हात बघायला नाय."

तिनं नवा रॉड लावला. या बारीला हात रॉडसंगं खाली आला अन् जोड पक्का बसला.