आबांची दुरुस्ती

छापलेल्या अक्षरावर आमच्या घरमालकांइतका भाबडा विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नसेल. सगळी मंगळवार पेठ त्यांना आबा म्हणायची, म्हणून आम्हीही. औषधाच्या बाटलीवर ‘हलवून घ्यावे’ असं असेल, तर हात दुखेपर्यंत हलवायचे. एकदा एस.टी.नं गडहिंग्लजला निघाले. ड्रायव्हर त्यांचा सख्खा मेहुणा. पण ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी वाचली आणि आबा उतरेपर्यंत त्याच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. मेहुणा वर्षभर रुसला होता.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मी केरळातून इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून आले आणि नवऱ्यासोबत आबांच्या मागच्या खोलीत राहू लागले. त्याच सुमारास गावातल्या एका साप्ताहिकानं आम्हा दक्षिणेकडच्या लोकांविरुद्ध लेखमाला काढली. दर आठवड्याला नवा आरोप. नळावरच्या बायका मला बघून गप्प होऊ लागल्या. आणि एका सकाळी अंक हातात घेऊन आबा दारात उभे.

“सिस्टर, हितं लिवलंय, तुमची लोकं एका खोलीत पंधरा-पंधरा ऱ्हात्यात. मग बाकीची तेरा कुठं हायत?”

“आम्ही दोघंच आहोत, आबा.”

त्यांनी कॉटखाली वाकून बघितलं. फळीमागं बघितलं. मग उंबऱ्यावर बसून कसनुसं तोंड करत म्हणाले, “म्हंजे ह्ये चुकलं की!”

मला हसू आलं, पण आबांना घास उतरेना. दुपारी ते साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन चूक सांगून आले. परतले ते थेट आमच्या दारात आले. “संपादक म्हणाला, लोकास्नी असलंच आवडतंय. आन् हसला की वो त्यो!” त्या दिवसापासून त्यांनी ते साप्ताहिक घेणं बंद केलं.

पेठेतल्या तालमीबाहेर गावच्या बातम्या खडूनं लिहायचा एक फळा होता; पुढचा आठवडाभर मी रोज त्याच्यासमोरून ड्यूटीला जात होते. मला मराठी वाचता येत नव्हतं. एके दिवशी नळावर शेजारच्या काकूंनी माझी घागर पुढं सरकवली. “सिस्टर, फळ्यावर तुमचंच लिवलंय न्हवं?” मग त्यांनीच नेऊन वाचून दाखवलं: ‘दुरुस्ती. आमच्या घरी केरळचे दोनच जण राहतात. माणसे चांगली आहेत. मी स्वतः पाहिले आहे.’ खाली आबांची सही.

पावसानं पुसलं की आबा पुन्हा लिहायचे. मला मुलगी झाली, त्या दिवशी ते आधी तालमीकडं गेले, ‘दोनच’ पुसून ‘तीनच’ केलं आणि मग बाळ बघायला आले.

तोंडानं आभार मानले, की “असू द्या की” म्हणत उठून जायचे. लिहून द्यावेत, तर मराठी लिहायला मी शिकले तोवर आबा राहिले नव्हते.