गेटवरची झडती
सोल्डरिंगचा वास आला की मला नाशिक रोडचं ते मोबाईल दुरुस्तीचं दुकान आठवतं. तिथे मी कामाला होतो. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक फोनमध्ये आम्ही न विचारता टॉर्चचं एक फुकटचं ॲप टाकायचो. ते लोकांचे मेसेज वाचून जाहिराती दाखवायचं आणि दर फोनमागे आम्हाला कमिशन मिळायचं. एकदा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक काका, आठवड्यापूर्वी स्क्रीन बदलून नेलेला फोन घेऊन परत आले. "बहिणीला मेसेज केला, गुडघे दुखतात म्हणून. तेव्हापासून याच्यात नुसत्या गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती. माझं कोण वाचतंय रे?" त्यांची नजर माझ्यावरून हलेना. "योगायोग असेल, काका," मी म्हणालो. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. "नोकरीभर रोज सुटताना गेटवर अशी झडती दिली. पण घेणारा समोर उभा असायचा." मी खाली मान घालून त्यांच्या फोनमधून ॲप काढलं, काका पायऱ्या उतरेपर्यंत थांबलो आणि तेच ॲप पुढच्या गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये टाकलं. आता घरातला कुणाचाही फोन बिघडला की दुकानात मीच जातो, आणि काम होईपर्यंत कारागिराच्या बोटांवरून नजर काढत नाही.