तांडेलकाका आणि चार जणींची बोट

तांडेलकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी आमचं दार तपासलं. दार उघडंच होतं. बोटाच्या पेराने त्यांनी वर, मध्ये आणि खाली टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "खालसून कुजला हा. पावसाचा पाणी पिता ह्या." त्या दारातून आम्ही सहा वर्षं ये-जा करत होतो. मी वाकून रंगावर नख मारलं, तर नख सरळ आत गेलं. तोवर काका जेवणाच्या टेबलाकडे वळले होते. माझी बायको नीला चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी फ्रिज, कपाट आणि टीव्हीचं स्टँड एवढं सगळं ठोकून पाहिलं होतं. स्टँड नापास झालं. ते मी त्याच महिन्यात हौसेने घेतलं होतं, त्यामुळे हा माणूस मला पहिल्या भेटीत अजिबात आवडला नाही.

दत्ताराम तांडेल देवगडकडचे. नौदलाच्या गोदीत तीस वर्षं बोटींची बुडं दुरुस्त करून निवृत्त झाले, आणि बायको गेल्यावर मुलीकडे चंदीगडला राहायला आले. मुलगी शैला सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात नर्स होती. "पाणी खय हा हयसर?" असं त्यांनी आल्या दिवशीच विचारलं म्हणे. शैलाने त्यांना सुखना तलाव दाखवला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, "बरा आसा, पण मीठ नाय," असा शेरा मारला, आणि आठवड्याभरात काठावरच्या एका रोइंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले. क्लबात सगळे पंजाबी. त्यांनी तांडेलचं 'टंडनजी' करून टाकलं. काकांनी दोन-चार वेळा दुरुस्ती करून पाहिली आणि मग नाद सोडला. बोटीखेरीज दुसरं काही दुरुस्त करत बसायला त्यांना वेळ नसे.

माझी मुलगी केतकी त्या क्लबात रोइंग करायची, म्हणून माझं तिथे जाणं-येणं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. पूर्वी तिथे बोट आढ्याला दोरांनी टांगायची आणि माणसांनी खाली उताणं पडून काम करायचं अशी रीत होती. काकांनी पहिल्या दिवशी दोर उतरवले, बोट ठेवायला लाकडाचे भक्कम घोडे बनवले आणि त्यांवर जुन्या सतरंजीच्या पट्ट्या ठोकल्या. "टांगलेल्या होडीखाली मी माझी मान घालणंय नाय, तर तुझी कित्याक घालू?" हे ते मराठी न कळणाऱ्या मिस्त्रींनाही मालवणीतच सांगत, आणि त्यांना ते कळे. बोटीच्या कवचाचं रेझिन घट्ट करायची जी दोन रसायनं असतात, ती एकमेकांत थेट मिसळली तर भडका उडतो. काकांनी त्यांना शेडच्या दोन टोकांच्या दोन कपाटांत ठेवलं आणि "सवती हत, तोंड बघूक देव नको" अशी समज दिली.

दाराशी खुंटीवर दोन तऱ्हेचे मास्क असत, एक धुळीचा आणि एक वासाचा. गोदीत एकदा त्यांचा सोबती मास्क न घालता बोटीच्या बंद कप्प्यात शिरला आणि रेझिनच्या वाफेने आतच आडवा झाला. काकांनी त्याला कॉलरला धरून ओढून काढला. तो वाचला, पण काका त्या दिवसापासून बदलले. कुणी काम लवकर उरका म्हणालं की खुंटीकडे बोट दाखवून म्हणत, "धुळीक मास्क हा, वासाक मास्क हा. घाईक मास्क नाय माझ्याकडे."

ते नव्वदचं दशक होतं. घरोघरी केबल आली होती, रस्त्यावर नव्या गाड्या दिसत होत्या, आणि आमच्या क्लबालाही एक टीव्ही कंपनी प्रायोजक म्हणून मिळाली होती. जानेवारीच्या अखेरीस सुखनावर आंतरराज्य ज्युनियर शर्यती व्हायच्या होत्या. क्लबात मुलींची अशी एकच बोट होती, चार जणींची, लांब आणि निमुळती. केतकी तिच्यात दुसऱ्या जागेवर बसायची. तिचं ज्युनियरचं हे शेवटचं वर्ष. शर्यतीला आठ दिवस असताना बोट एका सरावाच्या स्पर्धेहून ट्रकवरून परत आली, आणि उतरवताना तिचं नाक फाटकाच्या लोखंडी खांबावर आदळलं. वीतभर तडा गेला.

केतकी घरी येऊन पलंगावर पडून राहिली. "पापा, बोट नहीं तो हम भी नहीं," एवढंच म्हणाली. ती आमच्याशी नेहमीच हिंदीत बोलायची, पण इतकं थोडं कधी बोलत नसे. मुलांच्या संघाकडे दोन बोटी होत्या. त्यांनी एकही द्यायला साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा क्लबचे सेक्रेटरी गिलसाहेब हातात प्रायोजकाचं चकचकीत स्टिकर घेऊन उभे होते. उंचेपुरे, दिलदार सरदारजी. आवाज असा की तलावाच्या पलीकडे ऐकू जावा. त्यांची योजना सोपी होती. तड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, रंग मारायचा आणि बरोबर त्यावर स्टिकर चिकटवायचं. "टंडनजी, दो घंटे का काम है यार!"

काका बोटीच्या अंगावर बोटाने ठोकत चालले होते. टण, टण, टण असा आवाज येत होता. तड्यापासून चांगला दोन हात मागे तो एकदम बसका झाला. काकांनी तिथे खडूने रेघ मारली. मग पलीकडून, खालून, पुन्हा वरून ठोकलं. वर्तुळ पूर्ण झालं तेव्हा ते परातीएवढं होतं, आणि त्यातला बराचसा भाग दिसायला अगदी धडधाकट होता.

"साब, पुट्टी मारने से नाव फोटो में पास होता है," काका म्हणाले. "पानी में नहीं."

गिलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीचा बाप. मी घसा खाकरून म्हणालो, "काका, एक दिवस टिकली तरी पुरे आहे हो." हे वाक्य आजही आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

काका खुंटीकडे गेले. मास्क चढवला, गिरमिट घेतलं आणि खडूच्या वर्तुळाच्या मधोमध भोक पाडलं. भोकातून तपकिरी, कुबट वासाचं पाणी ठिबकू लागलं. कधीतरी कुणीतरी अशीच लांबी भरून वर रंग मारला होता, आणि फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमधला फोम महिनोन्‌महिने भिजत पडला होता. आदळणं नुसतं निमित्त. तलावाच्या मध्यभागी, त्या गारठ्यात, चार मुली आणि पुढ्यात दिशा सांगणारी पाचवी, अशा असताना ते नाक दुभंगलं असतं. गिलसाहेबांनी स्टिकरची गुंडाळी करून काखेत मारली.

"सहा दिस लागतीत," काका मला म्हणाले. "इंजिनियरानू, घराक जावा आणि चेडवाक सांगा, जेव आणि व्यायाम कर. होडीचा मी बघतंय."

त्यांनी कुजलेलं सगळं कापून काढलं. कडा तासून लांब उतार दिला, नवा फोम बसवला, आणि बुधवारी त्यावर काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक चढवले. हात असे चालत की बघत राहावं. रेझिन घट्ट करणारा हार्डनर त्यांनी मापाने नव्हे, हाताच्या अंदाजाने घातला. तीस वर्षांचा अंदाज. "चार तासात दगड होता," असं सांगून ते माकडटोपी घालून घरी गेले.

गुरुवारी सकाळी त्यांनी थरावर अंगठा दाबला आणि तो चिकटला. गूळ चिकटावा तसा. संध्याकाळपर्यंत वाट पाहायला वेळ नव्हता, आणि वाट पाहून काही होणारही नव्हतं. मी सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत तापमान मोजायची उपकरणं बनवण्यात निम्मं आयुष्य घालवलं आहे. त्या शेडमध्ये मी चार-पाच दिवस कुडकुडत उभा होतो, आणि माझ्या डोक्यात एकदाही प्रकाश पडला नव्हता. आता घरून थर्मामीटर आणून लावलं. आठ अंश.

"काका, तुमचा अंदाज समुद्रकाठचा आहे," मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो. "इथे जानेवारी आहे."

त्यांनी वाकून पारा स्वतः वाचला. गोदीतला माणूस, त्याने आयुष्यात कधी पंचवीसच्या खाली रेझिन कालवलं नव्हतं. मग त्यांनी माकडटोपी काढली, शेडमधल्या सगळ्यांना हाक मारून जवळ बोलावलं, चारही मुलींनासुद्धा, आणि मोठ्याने सांगितलं, "गलती मेरा है. और किसी का नहीं. माझा चुकला." वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ज्या एका गोष्टीत आपल्याला तोड नाही अशी ख्याती, त्याच गोष्टीत चूक झाली हे असं ताठ मानेने सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेत तर नाहीच नाही.

गिलसाहेब म्हणाले, वरून जास्त हार्डनर मारा. काका म्हणाले, थर पापडासारखा मोडेल. गिलसाहेब धावत जाऊन पेटलेली अंगीठी घेऊन आले, तेव्हा मात्र काकांनी दोन्ही हात पसरून त्यांना दारातच अडवलं. "ह्यो वास आणि आग एका खोलीत रवणत नाय! बाहर, साब, बाहर!" शेवटी तो अख्खा दिवस सगळ्यांनी मिळून चिकट थर खरवडून काढला. मास्क लावून, हातमोजे घालून मीही बसलो होतो. शर्यत रविवारी होती.

ठिणगी नको आणि ऊब तर हवी, हे मी घरी येऊन नीलाला सांगितलं. तिची तेव्हा कंबर धरली होती आणि ती पाठीशी गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन बसली होती. तिने ती पिशवी काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "ही चालेल का?"

मग तिने फोन लावायला सुरुवात केली. चंदीगडातल्या मराठी घरांची यादी तिला पाठ होती: हॉस्पिटलातले डॉक्टर, युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या फौजींच्या बायका. "गरम पाण्याची पिशवी आहे का?" म्हटलं की प्रत्येकीचा पहिला प्रश्न, "अगं बाई, कुणाची कंबर?" आणि नीला उत्तर द्यायची, "बोटीची."

शुक्रवारी सकाळी दहाला शेडच्या बाहेर एकतीस पिशव्या जमल्या. लाल, निळ्या, फुलाफुलांचे अभ्रे घातलेल्या, आणि एक तर चक्क माकडाच्या आकाराची. रजया वेगळ्या. काकांनी बोट घोड्यांवर पालथी घातली, बांबूंची चौकट उभी करून वरून रजयांचा तंबू केला. पाणी तापायचं ते लांब, कॅन्टीनमध्ये. मुली तिथून पिशव्या भरून आणायच्या आणि काका मास्क लावून त्या बोटीखाली रचायचे. तंबूत डोकं घालायची परवानगी दुसऱ्या कुणालाही नव्हती. थर्मामीटर रजयांच्या फटीतून दिसेल असं टांगलं होतं, आणि बाहेरून आकडा वाचायचं काम माझं. अठरा. एकवीस. काका हार्डनरची बाटली हातात धरून थांबले होते, आणि या वेळी त्यांच्या दुसऱ्या हातात मापाचा पेला होता.

"पंचवीस!" मी ओरडलो. नोकरीत इतक्या आनंदाने मी एकही आकडा वाचलेला नाही.

थर चढले. दिवसभर पिशव्या थंड होत राहिल्या आणि भरून येत राहिल्या. गिलसाहेब स्वतः पगडी सावरत दोन्ही काखांत पिशव्या मारून धावत होते. चारच्या सुमारास काकांनी अंगठा दाबला. मग नख मारलं. मग मूठ आपटली. टण्! असा आवाज झाला आणि चारही पोरी एकदम किंचाळल्या. केतकीने काकांना मिठी मारली आणि ते ओरडले, "गो चेडवा, आधी हात धू! काचेची धूळ हा अंगाक!"

शनिवारी त्यांनी तो भाग घासून गुळगुळीत केला. रंगाला वेळ नव्हता. बोटीचं नाक पिवळट, उघडंच राहिलं आणि प्रायोजकाचं स्टिकर गिलसाहेबांनी मुकाट्याने मागच्या बाजूला लावलं.

रविवारी धुकं उतरलं तेव्हा अकरा वाजले होते. अर्ध्या अंतरापर्यंत आमची बोट तिसरी होती. मी दुर्बीण डोळ्याला लावली होती, पण मला वल्ही दिसतच नव्हती. मी फक्त त्या पिवळ्या नाकाकडे बघत होतो. ते पाणी कापत सरळ चाललं होतं, वर उचललेलं. शेवटच्या टप्प्यात मुलींनी जोर लावला. आधी दुसऱ्या, मग बरोबरीने, आणि रेषेवर ते नाक हातभर पुढे! काठावर कुणीतरी ढोल आणलाच होता. नीला, धरलेल्या कंबरेची नीला, नाचत होती. मी रडत होतो आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

पण तांडेलकाका कुठेच दिसेनात. मुली बोट डोक्यावर घेऊन आल्या तेव्हा ते शेडच्या दारात घोडे मांडून उभे होते. पदकं नंतर, आधी बोट ठेवा, अशी त्यांनी खूण केली. पुढच्या कप्प्याचं झाकण उघडून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून तळ चाचपू लागले. ढोल थांबला. चार मुली धापा टाकत उभ्या होत्या. काकांनी हात बाहेर काढला, तळवा उलटा-सुलटा करून पाहिला आणि सगळ्यांसमोर धरला.

"कोरडो," ते म्हणाले. "सूखा!"

गिलसाहेबांनी आरोळी ठोकून तो हात पकडला आणि कुस्तीतल्या विजयी पैलवानाचा धरतात तसा उंच धरला. टाळ्या, शिट्ट्या, ढोल, सगळं एकदम सुरू झालं. त्या गदारोळात काका टाचा उंचावून, हात सोडवून घ्यायची धडपड करत ओरडत होते, "छोडो, साब, छोडो! पीछे का डिब्बा देखना बाकी है!"