श्रोत्यांकडे तोंड केलेली खुर्ची

फोन वाजला तेव्हा मी दळणाचा डबा हातात घेऊन दारात उभी होते. पलीकडून सायली, औटी सरांची नात. "आत्या, आबा गेले... सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले." मी बरं म्हणाले. काय हा शब्द! माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी 'बरं' म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच आलं. डबा खाली ठेवला आणि पायरीवर बसून राहिले. ज्यांनी मला बोलायला शिकवलं, त्यांच्या जाण्याची बातमी ऐकून मला एक धड वाक्य सुचू नये... सर असते तर हसले असते.

पन्नास वर्षांपेक्षा जास्त झाली असतील. राहुरीला शेतकीचं विद्यापीठ तेव्हा नवंनवं होतं. आमच्या वर्गात मुली इतक्या कमी की आमच्यासाठी वेगळा बाक लागत नसे, एकाच बाकावर सगळ्या मावायच्या. आमच्या अण्णांचं मिरजगावात हमरस्त्याला लागून किराणा दुकान आणि गावाबाहेर थोडी जिरायत जमीन. मुलीनं शेतकी शिकायची हे खूळ माझंच. अण्णांनी पाठवलं, पण अट घालून. "एका विषयात जरी नापास झालीस, तर गाठोडं बांधायचं आन् घरी यायचं." घरी आल्यावर पुढं काय, तेही ठरलेलं होतं. कर्जतचं एक स्थळ तयार होतं आणि माझ्या नापास होण्याची वाट बघत बसलं होतं. पिकं, माती, खतं यांची मला भीती नव्हती. भीती होती ती एकाच विषयाची, विस्तार शिक्षणाची. विद्यापीठात जे शोधलं जातं ते शेतकऱ्याला समजेल असं सांगायचं कसं, हे शिकवणारा तो विषय. त्यात लेखी परीक्षा थोडी आणि गावात जाऊन बोलणं जास्त. आणि शिकवायला औटी सर.

पहिल्या तासाला सर आले, टेबलामागची खुर्ची उचलली, फळ्यापुढं आमच्याकडं तोंड करून ठेवली आणि बसले. आम्हाला ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "जामखेड, ऊठ. माझ्यामागं उभा राहा आणि बोल. काहीही बोल." जामखेडचा तो पोरगा बिचारा सरांच्या टकलाकडं बघत विहिरीच्या पाण्यावर बोलला. सरांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. ते आमच्याकडं बघत होते. त्याचं बोलणं संपल्यावर म्हणाले, "पाण्याविषयी बोलत होतास तोवर सगळे जागे होते. आकडे सुरू केलेस आणि पाथर्डी खिडकीतून बाहेर गेला. शेवगावनं जांभई दाबली. मिरजगावला काही समजलं नाही, पण ती मान हलवत होती. मान हलवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भ्यायचं." माझी मान जागच्या जागी थांबली. हा माणूस काहीतरी वेगळाच आहे, हे मला तेव्हाच कळलं.

त्यांची मार्क द्यायची रीत तर आणखी और. गावात आम्ही बोलायचो तेव्हाही सर आमच्याकडं पाठ करून, गावकऱ्यांकडं तोंड करून बसायचे. गावकरी चुळबुळायचे. "मास्तर आमच्याकडं का बगत्यात वो?" असं एकानं विचारलंही होतं. त्या दिवशी मार्क मिळायचेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सर पुन्हा त्याच गावात जायचे, बोलणाऱ्याला बरोबर घेऊन. आणि ज्या घरातलं माणूस सभेला आलंच नव्हतं, अशा घरात शिरायचे. तिथं विचारायचे, "काल गावात काय सांगितलं म्हणे?" तिथं जे उत्तर मिळेल, त्यावर मार्क. "समोर बसलेल्याला सांगणं सोपं आहे," ते म्हणायचे. "न आलेल्यापर्यंत पोचलं तर ते सांगणं."

मला विषय मिळाला बाजरीवरचा अरगट. कणसातून मधासारखा चिकट पाझर येतो, मग दाण्याच्या जागी काळं-काळं काहीतरी धरतं, आणि ती बाजरी खाण्यात आली की माणसाला चक्कर येते, मळमळतं. उपाय साधा. पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकायचं. रोगट आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेलं चांगलं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा स्वच्छ धुवायचं, सावलीत वाळवायचं, मग पेरायचं. मी रात्र रात्र पाठांतर केलं. विद्यापीठाची बादली, विद्यापीठाचं मीठ, विद्यापीठाची बाजरी घेऊन मुळेच्या काठच्या एका गावात गेले. मारुतीच्या पारावर पुरुष मंडळी जमली होती. वीस टक्के द्रावण, रोगकारक बुरशी, बीजप्रक्रिया... मी काय बोलले म्हणून सांगू! कुठं अडखळले नाही. टाळ्या पडल्या. मी तरंगतच परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी एक दार वाजवलं. भाकरी थापता थापता बाई बाहेर आली. सरांनी विचारलं, तशी हसून म्हणाली, "व्हय, मालकांना शेजाऱ्यानं सांगितलं. बाजरीत मीठ मिसळून पेरायची. आमी आणून ठिवलंय की मीठ."

माझ्या पायाखालची जमीनच गेली. मिठासकट पेरलेली बाजरी उगवेल कशाला? सर मात्र शांत. त्यांनी तिला नीट समजावलं, आणि मग आम्ही घरोघर फिरलो. माझंच भाषण दर दारात नवं सोंग घेऊन भेटत होतं. एकीच्या घरी बाजरी मिठात उकडायची ठरली होती. एका आजोबांनी तर बैलाला मीठ चारायचं असं ऐकलं होतं. सरांनी एकेका घराचा गैरसमज काढला, शेवटचं घर होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाहीत. परत येताना मी विचारलं, "सर, मार्क?"

"शून्य," सर म्हणाले. "पण बोललीस छान."

त्या रात्री मी गाठोडं मनातल्या मनात बांधून टाकलं. कर्जतचं स्थळ डोळ्यापुढं नाचत होतं. पण सकाळी सरांनी बोलावून घेतलं. पेरणीला अवकाश आहे, दुसरं गाव देतो, म्हणाले. आणखी एकच संधी. मला वाटलं, आता कसं बोलायचं ते शिकवतील. त्यांनी विचारलं, "घरी पेरायचं बी काढताना तुझी आई काय करते?"

"पाखडते, निवडते."

"आणि तुला काय सांगते?"

"काही नाही सांगत, सर. मी बघते."

 हे म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मग जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती पुढं आयुष्यभर मला पुरली. "इथून काही घेऊन जाऊ नकोस. बादली गावातून माग, मीठ गावातून माग, बी त्यांच्या कणगीतलं माग. ज्या घरातली बादली जाईल, त्या घरातली बाई बादली बघायला येतेच. तिला बोलावणं धाडायची गरज नाही."

आणि अगदी तसंच झालं हो! दुसऱ्या गावात मी रिकाम्या हातानं पारावर उभी राहिले आणि बादली मागितली. एकजण कुरकुरत गेला, घेऊन आला. दुसऱ्यानं मीठ आणलं, तिसऱ्यानं सुपात बी आणलं. थोड्या वेळानं देवळाच्या कोपऱ्यावर पदर सावरत एक बाई उभी. "आमची बादली कुणी न्हेली वो?" तिच्यामागं सूपवाली. मग तिची जाऊ. मी टक्के गिळून टाकले. त्यांच्याच घरचं माप घेऊन पाण्यात मीठ विरघळवलं, बी सोडलं. काळे, हलके दाणे भराभर वर आले आणि कोपऱ्यातून आवाज आला, "अगं बया! ह्ये समदं आपन खातो व्हय?" मी फारसं बोललेच नाही. दुधावरची साय ओढावी तसे हाताची बोटं जुळवून ते दाणे कडेला ओढले, काढून टाकले. बोटांना चिकटलेले दाणे डाव्या मनगटावर दोनदा आपटून झटकले. ती आमच्या आईची सवय. तिचं बघून मलाही लागलेली. मग मीठ राहिलं तर बी जळेल, म्हणून धू धू धुतलं, आणि देवळाच्या सावलीत पसरून ठेवलं. सर माझ्याकडं पाठ करून बसले होते. त्यांच्या टकलावरून काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन गावाबाहेरच्या एका वस्तीवर गेले. "आमच्याकडून कुनी आलं न्हवतं," म्हणून सांगितलं दारातल्या माणसानं. तेच तर सरांना हवं होतं. आत बाजेवर एक म्हातारी बसली होती. डोळ्यांनी लांबचं दिसत नव्हतं, चालणंही बंद झालेलं. तिनं ती बाज किती दिवसांत सोडली नव्हती कोण जाणे.  सरांनी विचारलं, "आजी, बाजरीचं काही कानावर आलंय का?"

"आलंय की. सून सांगत हुती. तिला हिरीवर बायांनी सांगितलं." आणि म्हातारीनं सगळं सांगितलं. पाणी, मीठ, तरंगलेलं काढायचं, बुडालेलं धुवायचं, उन्हात न्हाई, सावलीत. सांगता सांगता तिनं हवेत हात धरला, बोटं जुळवली आणि साय ओढावी तसा तो हात आपल्याकडं ओढला. आणि मग... मग तिनं ती बोटं डाव्या मनगटावर दोनदा आपटली.

माझ्या अंगावर काटा आला. हे लिहितानाही येतो आहे. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं, मी तिला पाहिलं नव्हतं. आमच्या आईची सवय माझ्या हातातून पारावर गेली, पारावरून विहिरीवर, विहिरीवरून सुनेच्या हातात, आणि तिथून ह्या बाजेवर... एवढ्या हातांमधून ती आली आणि वाटेत कुठं सांडली नाही. माणसाचं सांगणं असं जातं? मी तोंडात बोट घालून बघत राहिले. आणि तेव्हा सर, जे प्रात्यक्षिकाच्या कामात कधी बोलणाऱ्याकडं बघत नसत, ते वळले. पूर्ण वळले आणि माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते त्यांचे. "मिरजगाव," एवढंच म्हणाले. 

मी पास झाले हे वेगळं सांगायला नको. कर्जतचं स्थळ दुसरीकडं गेलं, त्या मुलाचं भलं झालं असेल. सुट्टीत घरी गेले तर अण्णा गिऱ्हाइकाला मीठ बांधून देता देता म्हणत होते, "पेरायच्या आधी बी मिठाच्या पान्यात टाका बरं का, आमची पोरगी शिकलीय ते." मला बघितल्यावर विषय बदलला. अण्णांचं कौतुक असंच, पाठीमागं.

पुढं शेतीखात्यात नोकरी केली, जिल्ह्यातली किती गावं पालथी घातली. कुठंही गेले तरी बादली गावातूनच मागितली. सरांकडं येणं-जाणं राहिलं, त्यांच्या घरचीच झाले म्हणा ना. घरातही सर तसेच. टीव्ही आला तेव्हा त्यांनी आपली खुर्ची टीव्हीकडं पाठ करून मांडली. सगळं घर सिनेमा बघायचं आणि सर घराची तोंडं बघायचे. "अहो, वळा की, केवढा छान सीन चाललाय," काकू म्हणायच्या. "दिसतोय मला," सर म्हणायचे. "तुझ्या तोंडावर."

पंधरवड्यानं शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं होतं. मी भ्यालेली होते, खरंच सांगते. एवढी भाषणं केली आयुष्यात, पण हे कसं करायचं? सरांना शब्दांत कसं धरायचं? माझी पाळी आली, मी माईकपाशी गेले आणि थबकले. सरांचा फोटो पुढच्या टेबलावर होता, हार घातलेला, श्रोत्यांकडं तोंड करून. माझ्याकडं पाठ. मला दिसत होता तो चौकटीमागचा पुठ्ठा आणि टांगायची तार. अहो, हे तर माझ्या प्रात्यक्षिकालाच येऊन बसले होते! लिहून आणलेलं घडी करून ठेवून दिलं. मग बादली, मीठ आणि त्या म्हातारीचे हात, एवढंच सांगितलं. हातांनी करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना भेटायला गेले. कमरेचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच असतात, त्यामुळं सभेला आल्या नव्हत्या. सूनही त्यांच्यापाशीच थांबली होती. नात तेवढी आली होती. सरांची खुर्ची तिथंच होती, टीव्हीकडं पाठ केलेली. ती कुणी हलवलेली नाही. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी तिच्यातच बसले, आणि काकूंचं तोंड बरोबर माझ्यासमोर आलं.

"काल बोललीस म्हणे," काकू म्हणाल्या.

"कोण सांगत होतं?"

"सायलीनं तिच्या आईला सांगितलं, आईनं मला. ती म्हातारी म्हणे बाजेवर बसल्या बसल्या..." काकूंनी हात पुढं केला, बोटं जुळवली आणि हळूच आपल्याकडं ओढली. मग डाव्या मनगटावर दोनदा आपटली. बांगड्या वाजल्या. मी सरांच्या खुर्चीत बसून बघत होते.

काकूंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "मार्कांचं तेवढं मला विचारू नकोस बाई. ते त्यांचं खातं."