मासे धुतलेलं पाणी

रत्नागिरीत मला चंद्रामावशीने उभं केलं — हे आधी सांगते, मग बाकीचं. बाकीचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, देवापुढेही नाही.

मी जतकडची. सातवीनंतर शाळा सुटली. ज्या बाईने कामाला बोलावलं ती एसटी स्टँडवर आलीच नाही, आणि मी पिशवी कवटाळून रडत बसलेली. मावशी मासळी विकून घरी निघाली होती. "रडतेस कशाला गो? जेवलीस काय?" तिच्या घरी जेवले, झोपले. मग तिनेच मला काकूंकडे नेलं. काकू तिच्या रोजच्या गिऱ्हाईक, घरात एकट्या. "पोर चांगली हाय, माज्या भरवशावर ठेवा," म्हणाली. काकूंनी काम दिलं, राहायला खोली दिली. त्यांचेही उपकारच.

काकूंच्या स्वयंपाकघरात, मागच्या दाराजवळ, एक स्नेक प्लांट होतं, उभ्या, जाड, पट्टेरी पानांचं. त्यांच्या मुलीने नाशिकहून आणलेलं. मुलगी व्हिडिओ कॉलवर आधी झाडाची चौकशी करायची, मग आईची! गणपती झाल्यावर काकू तिच्याकडे गेल्या. जाताना बजावलं — त्याला पाणी नको. एखादवेळ घोटभर, बस.

मला ते जमेना. आमच्याकडे पाणी टँकरने येतं. आई भाजी धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालते. आणि इथे नळ सोडला की धो धो! मग झाडाला तहानलेलं ठेवायचं? मी रोज तांब्याभर ओतत राहिले. वाटलं, पुण्य करतेय. बाहेर पाऊस, घरात ओल — माती सुकणार कधी? पानं तर हिरवीगार दिसत होती.

एक दिवस एक पान कललं. सरळ करायला धरलं, तर बुडातून निसटून हातातच आलं. खाली पिवळट, बुळबुळीत, पू भरल्यासारखं. कुंडीतून तपकिरी पाणी गळलं, त्यात अळ्या. वास तर सडक्या मासळीचा. हात कितीदा धुतले, तरी घास तोंडाशी नेववेना. आज लिहितानाही शिसारी येते — पण आता त्या पानाची नाही.

मावशी काकूंच्या मागच्या पायरीवर बसून मासे साफ करायची आणि ते धुतलेलं पाणी परसातल्या माडाला, कढीपत्त्याला घालायची. इकडे सगळेच घालतात. काकू नव्हत्या तेव्हाही ती यायची, माझ्यासाठी दोन बांगडे ठेवून जायची — "एकटी हायस म्हणून उपाशी ऱ्हवू नको."

काकू परतल्या. दारातच नाक मुरडलं. "काय सडवलंयस गं?" एवढंच विचारलं. आणि मला पिशवी दिसली, स्टँड दिसला, परतीची गाडी दिसली. "मावशी मासे धुतलेलं पाणी ओतायची त्यात. मी नको म्हटलं होतं." अडखळलेसुद्धा नाही. कुठून आलं ते माझ्या तोंडात?

दुसऱ्या दिवशी मावशी आली. काकू तिच्यावर ओरडल्या. तिला आधी मस्करीच वाटली. मग म्हणाली, "वयनी, मी कशाला वतू घरातल्या झाडात? ह्या पोरीला इचारा. ती खोटा नाय बोलणार."

मी लादीकडे बघत म्हटलं, "मी पाहिलंय."

मावशी जायला उठली. टोपली डोक्यावर चढवायला रोज मी हात द्यायचे. त्या दिवशी तिने गुडघा टेकून एकटीनेच उचलली.

काकूंनी गल्लीभर सांगितलं — घरात घाण करते आणि वर खोटं बोलते. एकेक दार बंद झालं. आता ती बाजारात बसते, पार टोकाला, जिथे वर पत्राही नाही. मी लांबून बघते आणि दुसऱ्या बाजूने जाते.

काकूंनी नवं स्नेक प्लांट आणलं. ते छान वाढलंय. आल्यागेल्याला सांगतात, "हिच्या हाताला गुण आहे हो." आणि मी हसते. हो — हसते! स्वतःच्या तोंडाची किळस येते, तरी हसते.

घाबरले होते म्हणून बोलले, असं म्हणणार नाही. घाबरून गप्पही बसता आलं असतं.

मावशीचं मी फेडेन. आज तेवढा धीर नाही. पण एक दिवस काकूंना घेऊन बाजारात जाईन, मावशीच्या टोपलीसमोर उभी राहीन आणि सगळ्या कोळणींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगेन — पाणी मी ओतलं.