एक किलो कमी

चपला काढायच्या, घड्याळ काढायचे, खिशातला रुमालही शेजारच्या पोत्यावर ठेवायचा आणि गोदामाच्या काट्यावर ताठ उभे राहून विचारायचे, "बगा साहेब, सत्तर हाय ना?" नव्वदच्या दशकात तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात ज्यांनी नोकरी केली, त्यांना हे दृश्य आठवत असेल.

मी तेथे स्टोअरकीपर होतो. काट्यावर उभा राहणारा तो तळवलीचा, माझ्या हाताखालचा कामगार. आणि देशाच्या चौघांच्या नौकेतला वल्हेकरी. गट हलक्या वजनाचा. चौघांची सरासरी सत्तर किलोंच्या वर गेली, तर नौका शर्यतीतून बाद. म्हणून रोज सकाळी पोत्यांच्या आधी त्याचे वजन होई.

"उसासा टाकून चढ रे, तेवढाच हलका होशील," हमाल म्हणत. तो खरोखरच उसासा टाकून चढे.

शर्यतींसाठी तो चार देश फिरला. जपानहून परतल्यावर मी विचारले, "कसा आहे देश?"

"नावेत आमी पाठमोरे बसतांव, साहेब. सुटलो ती जागा बगितली. चांगली हाय."

एका वर्षी सराव शिबिराला आठवडा उरला असताना त्याच्या बहिणीची हळद आली. सारे गाव जेवले. त्याने सर्वांना वाढले आणि स्वतः काकडी खाल्ली. त्याची आई माझ्यापाशी येऊन म्हणाली, "साहेब, तुमचा काटा एक दिस बंद नाय का ठेवता येत?"

"काटा कोणासाठी बदलत नाही," मी म्हणालो. ताटातला भात मात्र मला संपवता आला नाही.

शिबिरातून त्याचे पत्र आले. 'साहेब, तुमचा काटा खोटा हाय. हिकरं मी एकोनसत्तर भरलो.'

मी काटा तपासून घेतला. तो एक किलो जास्त दाखवत होता. माझ्या काट्याच्या भरवशावर हा मनुष्य वर्षभर विनाकारण उपाशी राहिला होता. बावीस वर्षांच्या नोकरीत मी प्रथमच माफीचे पत्र लिहिले. 'आता एक किलोचे जेवून घे,' असेही त्यात लिहिले.

त्याने जेवून घेतले नाही. त्यांच्या नौकेतला पंजाबचा एक जवान एक किलोने जास्त भरत होता. तापातून नुकताच उठलेला. त्याला आणखी उपास झेपणारा नव्हता आणि बदली माणूस नव्हता. चौघेही घरी परतण्याची वेळ आली होती. याने उत्तर पाठवले, 'माजा किलो त्याला दिला. नाव वजनात बसली. माफी नको, साहेब. काटा बरोबर असता तर आमी बाद झालो असतो.'

नौका तिसरी आली.

पुढे तो दुसऱ्या राज्यात नौकानयनाचा प्रशिक्षक म्हणून गेला. आमच्या भेटी थांबल्या. मला तो आठवतो, तो त्या शर्यतीहून परतल्यानंतरच्या रविवारचा. त्याच्या आईने मला तळवलीला जेवायला बोलावले होते. ती त्याच्या ताटात माशाची तळलेली तुकडी वाढत होती आणि तो मान खाली घालून जेवत होता. चौथ्यांदा भात मागताना त्याने चोरून माझ्याकडे पाहिले.

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.