आंबेसावळी टेसन, पहिली हाक

"सगुणेऽऽ... सगुणे!"

हौसाआत्याची हाक नेहमी दोनदा यायची. पहिली लांब, रानापलीकडं फेकल्यासारखी. दुसरी जवळची, पदराला हात पुसत मारलेली. लहानपणी मी पहिल्याच हाकेला ओ देऊन धावत गेले की ती माझ्या तोंडावर हात ठेवायची. "पहिल्या हाकेला ओ देऊ नाही, बाई. दुसरी येऊ दे." भुताखेताच्या भीतीनं सांगते, असं वाटायचं मला. आमच्याकडच्या सगळ्याच बाया तसं सांगतात.

आज ती हाक भर दुपारी येतेय. आंबेसावळीच्या बाजारामागं, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला डोकं टेकून मी बसलेय. आत्याला जाऊन उद्या वर्ष होईल. म्हणजे माझा डोळा लागतोय.

जाता जाता तिनं एवढंच मागितलं होतं, "टेसनावरच्या पाण्याच्या टाकीपाशी एक दिवा लाव. वर्ष भरायच्या आत. कुणासाठी, ते विचारू नको." आत्याचे मालक त्या टाकीच्या पंपावर होते. छोट्या गाडीच्या इंजिनाला पाणी पाजायचे. दोघांचा संसार तिथल्याच रेल्वेच्या खोलीत झाला. पुढं गाडी बंद पडली, लोकांनी आणि सरकारनं मिळून रूळ उपटून नेले, वरून गाव पसरलं. सकाळपासून मी आणि अण्णा हिंडतोय. अण्णा म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. ज्याला विचारावं त्याच्याच दुकानाखाली टेसन निघतं. सायकलवाला म्हणाला, "हे काय, फलाटावरच तर उभ्या आहात." मेडिकलवाला म्हणाला, "छे हो, तिकिटाची खिडकी माझ्या काउंटरच्या जागी होती." अण्णांना विचारलं की ते टोपी काढतात, डोकं खाजवतात, टोपी परत घालतात. "मला नाही बाई आठवत." या बोळाच्या तोंडाशी तर त्यांनी माझा दंडच धरला. "इकडं काही नाही. चल."

पण ऊन मी मी म्हणत होतं. गिरणीवाल्या लंकाबाईंनी हाक मारली, "बसा घडीभर सावलीला. टेसन काय पळून चाललंय का?"

"पळूनच गेलंय, बाई," मी म्हणाले. त्या खळखळून हसल्या आणि बाज टाकून दिली. अण्णा बाजेवर बसले, भिंतीकडं पाठ करून. पिशवीत पणती आहे, वात आहे, तेलाची बाटली आहे. जागा तेवढी नाही.

गिरणीचा पट्टा फिरतोय. धप् धप्. धप् धप्.

पट्टा थांबतो, आवाज थांबत नाही. समोर छोटी गाडी उभी आहे. खेळण्यातली असावी एवढीशी, पण तिचा धूर आभाळभर. फलाटावर पीठ सांडलेलं, त्यात कुणाचंच पाऊल उमटलेलं नाही. माझंही नाही. इंजिनातला ड्रायव्हर हात बाहेर काढून बसलाय. आत्या सांगायची, एकेरी रुळावर पुढचा रस्ता मोकळा असल्याची खूण म्हणून मास्तर देतो तो लोखंडी गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. त्याचा तळवा उघडा आहे, आणि कोणी गोळा देत नाही.

मी बाहेर पडायला दार उघडते. दारापलीकडं तोच फलाट. दुसरं दार उघडते. आमचं स्वयंपाकघर, चुलीवर दूध उतू जातंय, आणि खिडकीतून तोच फलाट दिसतो. तिसऱ्या दाराला कडी आहे ती आतून की बाहेरून, हाताला कळत नाही.

"किती दारं उघडशील?" आत्या म्हणते. ती पाण्याच्या टाकीखाली बसलीय. जात्याशी बसायची तशी, एक पाय लांब करून. लुगडं तेच, विटक्या जांभळ्या रंगाचं. "इथनं दारातून कुणी जात नाही."

"मग तू कशी जाणार, आत्या?"

"मला कोण नेतंय? गाडीच अडकलीय."

"गोळा कुणाकडं आहे?"

ती दोरी ओढत बसते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला पाळणा आहे, सिग्नलच्या लाल हाताला टांगलेला. पाळण्यात वाकून बघावं म्हणून मी पुढं होते, तर पाळणा तेवढाच मागं जातो. आत्या हळू आवाजात म्हणायला लागते,

*दूर गेली गाडी, धूर राह्यला रानात*
*हाक माझी बाई, कुनाच्या कानात*

*लोखंडाची वाट, उचलून नेली कुनी*
*पाळन्याची दोरी, वढीते मी अजूनी*

आता फलाटभर बाया जमल्यात, काठापदराच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. बारशाला जमतात तशा. एक एक जण येते आणि आत्याच्या पाठीत मूठ घालते. नाव सांगायला वाकलेल्या आत्याला बारशात घालतात तसेच धपाटे. धप् धप्. पण हसत कोणी नाही. आणि आत्या पाळण्याशी वाकलेलीच नाही, ती ताठ बसून धपाटे खातेय.

"नाव सांग की, हौसे," बाया म्हणतात. "नाव सांग, मग गाडी जाईल."

"माझ्या तोंडाला शपथ बांधलीय," आत्या म्हणते. "मीच बांधलीय."

पीठ गुडघ्यापर्यंत चढलंय. मला ओरडायचं आहे, की अगं, कुणाचं का असेना, टाक सांगून, मला जाऊ दे, तूही जा. तोंड उघडत नाही. कारण त्याच क्षणी आत्या टाकीच्या पायथ्याकडं मान वळवते आणि हाक मारते.

"सगुणेऽऽ..."

लांबची हाक. पहिली.

मी वाट बघते. दुसरी आली की ओ देईन. लहानपणापासून तशी सवय लागलीय माझ्या जिभेला. दुसरी येत नाही. ड्रायव्हरचा तळवा उघडाच. बायांच्या मुठी वरच्या वर थांबलेल्या. दुसरी हाक येत नाही, मला ओ देता येत नाही, आणि सगळं टेसन माझ्या बंद तोंडाकडं बघतंय.

मग खालून, टाकीच्या दगडांखालून, कुणीतरी म्हणतं,

"ओ."

एवढंसं. दुधाच्या गुळणीसारखं.

इंजिन शिट्टी देतं. आत्या उठते, माझ्याजवळ येते. तिच्या अंगाला ओल्या कोळशाचा वास आहे. बोट टाकीला पुसते आणि माझ्या कानामागं तीट लावते, दाबून.

"तुला कुणाची दृष्ट नको," ती म्हणते. "तिची तर नकोच. ती चांगली आहे गं."

"कोण?"

"दुसरी येऊ दे, बाई," आत्या म्हणते, आणि डब्याच्या पायरीवर पाय ठेवते.

"सगुणे! ए सगुणे!"

ही जवळची हाक, अण्णांची. "उठ, चहा आलाय."

गिरणी चालू आहे. दळण टाकायला आलेली एक मुलगी माझ्याकडं बघून खुदकन हसते. लंकाबाई कपबशी हातात देतात आणि वाकून बघतात. "अगं बाई! कानामागं तीट कुणी लावली तुम्हाला? या वयात?"

मी बोट फिरवते. बोट काळं होतं. काजळ नाही, तेलकट, जुनं काळं.

"या भिंतीचं असेल," लंकाबाई म्हणतात. "दरसाल चुना देतो आम्ही, दरसाल आतनं काळं वर येतं. गिरणीच्या आधीची भिंत आहे ही. अशी गोल भिंत कशाला बांधली असेल, देव जाणे."

मी मागं वळते. माझं डोकं टेकलं होतं तिथं चुन्याचा पापुद्रा निघालाय. नखानं आणखी खरवडते. खाली काळा घडीव दगड, आणि त्यावर काजळीचा थर, बोटभर. दगडांची ओळ हळूहळू वळत जाते, रहाटाच्या विहिरीसारखी. यावर टाकी होती. याच्याशी इंजिन उभं राहायचं आणि तोंडावर धूर सोडायचं.

"अण्णा," मी म्हणते.

अण्णा चहाच्या कपात बघत राहतात.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं."

मी पिशवीतली पणती काढते. लंकाबाई काही न विचारता गिरणी बंद करतात. वाऱ्यानं दोन काड्या विझतात, तेव्हा अण्णा उठतात, धोतर सावरत माझ्या शेजारी उकिडवे बसतात आणि ज्योतीभोवती दोन्ही तळवे धरतात. दिवा लागतो.

"हौसानं शपथ घातली होती," ते म्हणतात, दिव्याकडंच बघत. "तिच्या सासरच्यांचं म्हणणं, बारशाआधी गेलेल्या लेकराचा उच्चार करायचा नाही, पाठचं लेकरू टिकत नाही. पाठचं झालंच नाही तिला. पण शपथ राहिली."

"मुलगी होती?"

"मुलगी. उद्या बारसं आणि आज गेली. मामा म्हणून मीच आणली इथवर, उपरण्यात गुंडाळून. मिसरूडही फुटलं नव्हतं मला. टाकीची ओल असायची म्हणून इथली माती मऊ होती." त्यांनी भिंतीच्या पायाला हात लावला आणि तसाच ठेवला. "मी तुला सकाळपासून चुकीच्या गल्ल्यांतून फिरवलं. इथं आलो तर मला बोलावं लागेल, हे मला ठाऊक होतं."

वर कुठंतरी लंकाबाईंनी नाक ओढलं.

"नाव ठरलेलं होतं तिचं," अण्णा म्हणाले. "कानात सांगायचं राहिलं. पुढं तू झालीस. तुझं नाव आम्ही शारदा ठरवलं होतं. आत्या म्हणून हौसा पाळण्याशी वाकली, बायांनी पाठीत धपाटे घातले, आणि तिनं तुझ्या कानात दुसरंच सांगितलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही."

ज्योत हलली. त्यांनी तळवे आणखी जवळ घेतले.

"पहिली हाक तुझी नव्हती, सगुणे. ती तिची होती. तुझी दुसरी."